सिंगल माल्टची पहिली बैठक : इंदूरच्या नवशिक्यांसाठी

इंदूरच्या मराठी घरांतून व्हिस्कीचा विषय निघतो तेव्हा बोलणे बहुतेक वेळा किमतीवर येऊन थांबते. बाटली कितीची, कोणी परदेशातून आणली, किती वर्षांची आहे, एवढे विचारून झाले की ग्लासांत बर्फ आणि सोडा पडतो, आणि ज्या वासासाठी कोणीतरी दहा-बारा वर्षे एक पिंप अंधाऱ्या कोठारात सांभाळले होते, तो वास कोणाच्याच नाकापर्यंत पोचत नाही. आम्ही सहा जण गेली काही वर्षे महिन्यातून एकदा लोकमान्यनगरात एका मित्राच्या घरी जमतो, सिंगल माल्टचे अगदी थोडे घोट घेतो आणि त्यांविषयी मराठीत बोलतो. अधूनमधून कोणी नवा पाहुणा येतो आणि त्याचे प्रश्न बहुधा तेच असतात. त्यांची उत्तरे एका ठिकाणी क्रमाने असावीत म्हणून हे लिहीत आहे. माझा भर एकाच गोष्टीवर राहील: वास ओळखणे आणि त्याला आपल्या घरातले, आपल्या भाषेतले नाव देणे. ग्लास, पाणी, क्रम, वही ही सगळी तयारी त्याच्यासाठीच करायची असते.

सुरुवातीपूर्वी

जे मद्य घेत नाहीत त्यांनी हे वाचून घ्यायला लागावे असे मी म्हणणार नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. जे घेतात त्यांनी कमी घ्यावे आणि जे घेतले त्याकडे नीट लक्ष द्यावे, एवढाच माझा आग्रह आहे. मध्य प्रदेशात मद्य घेण्यासाठी वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. आमच्याकडे याचा हिशेब कोणी करत बसत नाही; गाडी घेऊन आलेल्याने त्या दिवशी फक्त वास घ्यायचा, हा नियम आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य औषधांमुळे वर्षभर एक थेंबही न घेता बैठकीला येत आहेत आणि सहा जणांत सर्वांत तिखट नाक त्यांचेच आहे.

आणखी एक गोष्ट इथल्या लोकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्यापैकी पुष्कळांचे सोयरे वडोदऱ्याला आहेत आणि लग्नकार्याला जाताना एखादी चांगली बाटली भेट म्हणून बॅगेत टाकण्याचा मोह होतो. गुजरातेत राज्य स्थापन झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. विनापरवाना बाटली घेऊन सीमा ओलांडणे हा गुन्हा आहे, मग ती कितीही उंची असो.

पहिली पायरी : बाटलीत काय आहे ते समजून घेणे

‘सिंगल’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ जण एकच पिंप असा घेतात. तो अर्थ एकाच डिस्टिलरीत तयार झालेली, असा आहे. एका बाटलीत त्या डिस्टिलरीच्या अनेक पिंपांतली व्हिस्की एकत्र केलेली असते. ‘माल्ट’ म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे जव किंवा बार्ली. ज्यांच्या घरी नाचणीसत्त्व केले जाते त्यांना यातले मर्म लगेच कळेल: नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आले की वाळवून दळतात, आणि ते पीठ साध्या नाचणीच्या पिठापेक्षा गोडसर लागते, कारण मोड येताना दाण्यातल्या पिठाची साखर होण्याची वाट मोकळी होते. सातूचेही तेच होते. ते भरडून गरम पाण्यात कालवले की साखरेचे पाणी मिळते, त्यात यीस्ट घातले की ते आंबून साधारण ७ ते ९ टक्के मद्यार्काचा एक आंबूस द्रव होतो, आणि तो तांब्याच्या मोठ्या पात्रांत बहुधा दोनदा ऊर्ध्वपातित केला जातो. दुसऱ्या वेळी सुरुवातीचा उग्र आणि शेवटचा जड भाग बाजूला काढून फक्त मधला भाग पिंपात जातो.

स्कॉटलंडचे नियम याबाबत कडक आहेत. २००९ च्या नियमावलीप्रमाणे स्कॉच सिंगल माल्ट फक्त मोड आणलेल्या सातूची, एकाच डिस्टिलरीत पॉट स्टिलमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या पात्रांत, ऊर्ध्वपातित केलेली, ७०० लिटरपेक्षा मोठी नसलेल्या ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षे स्कॉटलंडमध्येच मुरलेली आणि किमान ४० टक्के मद्यार्काची असावी लागते. बाटलीही तिथेच भरावी लागते. ब्लेंडेड स्कॉचमध्ये अनेक डिस्टिलऱ्यांच्या माल्ट आणि ग्रेन (गहू-मका अशा इतर धान्यांच्या) व्हिस्की मिसळलेल्या असतात. ती हलक्या दर्जाची असते असे कोणी सांगितले तर मान्य करू नये, पण वास ओळखायला शिकताना एकाच घरातली वस्तू समोर असलेली बरी.

आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कींपैकी पुष्कळांत उसाच्या मळीपासून केलेला मद्यार्क असतो. भारतीय सिंगल माल्ट मात्र वेगळी, अस्सल सातूची आहे. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत बाजारात आणली. त्यानंतर गोव्याची पॉल जॉन, उत्तर प्रदेशातली रामपूर आणि हरियाणातली इंद्री यांनी जगभर नाव मिळवले. आपल्या मातीतल्या सातूची व्हिस्की स्कॉटलंडच्या शेजारी ठेवून चाखताना मला आजही अभिमान वाटतो, आणि तो अभिमान बाजूला ठेवून चाखली तरी ती टिकते.

दुसरी पायरी : लेबल वाचणे

लेबलवरचा आकडा, समजा १२, हा बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय सांगतो. आत १५ वर्षांचीही असू शकते, ११ वर्षांची नाही. हे वय पिंपातले असते. काचेत व्हिस्की मुरत नाही. काकांनी १९९५ मध्ये आणून कपाटात ठेवलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच आहे.

वयावरून दर्जा ठरवण्याची सवय सोडली पाहिजे, विशेषतः भारतीय माल्टच्या बाबतीत. स्कॉटलंडच्या थंड कोठारात पिंपातली साधारण २ टक्के व्हिस्की दर वर्षी उडून जाते, तिला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूच्या हवेत हे प्रमाण १० ते १२ टक्क्यांपर्यंत जाते. उष्णतेने लाकूड आणि मद्य यांची देवघेवही वेगाने होते, त्यामुळे चार-पाच वर्षांतच रंग आणि वास भरून येतो, आणि पंधरा वर्षे थांबावे तर पिंपात फारसे काही उरत नाही. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर वय छापलेले नसते. त्यात लपवाछपवी नाही.

मद्यार्काचा आकडाही पाहावा. ४० किंवा ४३ टक्के असेल तर व्हिस्की बहुधा थंड करून गाळलेली असते, म्हणजे पाणी किंवा बर्फ घातल्यावर गढूळ दिसू नये म्हणून तिच्यातले काही स्निग्ध घटक काढलेले असतात. ४६ टक्के आणि त्यावर असे गाळणे सहसा केले जात नाही, आणि जिभेवर तिचा दाटपणा जाणवतो. ‘कास्क स्ट्रेंग्थ’, म्हणजे पाणी न घालता पिंपातल्या तीव्रतेनेच भरलेली, असे लिहिलेली बाटली ५५ ते ६० टक्क्यांपर्यंत असू शकते. पहिल्या बैठकीला ती नको.

सर्वांत महत्त्वाचा शब्द पिंपाविषयीचा असतो. अमेरिकेतल्या बर्बन या मुख्यतः मक्याच्या व्हिस्कीला कायद्याने नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप लागते, त्यामुळे एकदा वापरलेली सुमारे २०० लिटरची पिंपे जगभर जातात. त्यांत मुरलेल्या माल्टला व्हॅनिला, मध, ओले खोबरे असा वास येतो. शेरी या स्पॅनिश वाइनने माखलेल्या पिंपांतून खारीक, मनुका, अंजीर, सुंठ-जायफळ असा गडद वास येतो. स्कॉटलंडचे पाच विभाग, म्हणजे हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला, नकाशापुरते लक्षात ठेवावेत. चवीचा अंदाज पिंपावरून अधिक येतो. अपवाद धुराचा. आयला बेटावरच्या अनेक डिस्टिलऱ्या सातू वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजून दाबल्या गेलेल्या वनस्पतींचा थर; तो विटांसारखा कापून, आपल्या गोवऱ्या वाळवतात तसा उन्हावाऱ्यात वाळवून जळण म्हणून वापरतात.

नावांच्या उच्चारांना घाबरू नये. हे बेट ‘इस्ले’ नसून ‘आयला’ आहे, डिस्टिलरी ‘लाफ्रॉइग’ आहे, ‘ब्रुकलॅडी’च्या लांबलचक अक्षरांतली बरीच मुकी आहेत, आणि ‘ग्लेनमॉरंजी’ म्हणताना जोर ‘मॉ’वर द्यायचा. एकदा देवनागरीत लिहून ठेवले की दुकानात अडखळायला होत नाही.

तिसरी पायरी : चार बाटल्या, सहा माणसे

एकट्याने महाग बाटली घेण्यापेक्षा चार-सहा जणांनी मिळून चार वेगवेगळ्या स्वभावांच्या बाटल्या घ्याव्यात. हिशेब सोपा आहे: प्रत्येकाला १५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा स्मॉल पेग, असे सहा जणांना ९० मिलिलिटर लागते. ७५० मिलिलिटरची एक बाटली आठ बैठका पुरते. चार प्रकार चाखले तरी माणशी ६० मिलिलिटरच होते, आणि तेही दोन-अडीच तासांत, पाण्यासह. यापेक्षा अधिक घेतल्यावर नाक काही सांगत नाही, त्यामुळे चवीसाठी बसलेल्याने इथेच थांबावे.

पहिल्या चौकडीसाठी माझी शिफारस अशी आहे. मुख्यतः बर्बन पिंपातली हलकी, फुला-फळांची ग्लेनमॉरंजी ओरिजिनल किंवा ग्लेनलिव्हेट १२. शेरी पिंपातली ग्लेनड्रोनॅक १२. भारतीय म्हणून पॉल जॉन ब्रिलियन्स किंवा अमृत फ्यूजन. आणि धुराची म्हणून टॅलिस्कर १० किंवा थेट लाफ्रॉइग १०. फ्यूजन मला विशेष प्रिय आहे, कारण तिच्यात भारतीय सातू आणि स्कॉटलंडहून आणलेले धुरावलेले सातू यांची व्हिस्की एकत्र येते आणि ५० टक्क्यांवर बाटलीत भरली जाते. यांतले प्रत्येक नाव प्रत्येक वेळी दुकानात असेलच असे नाही. स्वभाव जुळणारी दुसरी चालेल. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, तेव्हा त्याला ‘एखादी चांगली आण’ असे न सांगता नाव लिहून द्यावे.

खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या ओळखीतून मी एक बाटली निम्म्या दरात घेतली. खोका सुरेख होता, आतली वस्तू व्हॅनिलाचा अर्क घातलेल्या स्पिरिटसारखी होती आणि झाकणाखालची पट्टी पुन्हा चिकटवलेली होती, हे मला नंतर, दुसरी बाटली शेजारी ठेवल्यावर दिसले.

चौथी पायरी : जागा, वेळ आणि पोट

इंदूरला बैठकीचा सर्वांत मोठा शत्रू आपला फराळ आहे. लवंगी शेव समोर आली की हात थांबत नाही, आणि लवंग-मिरचीने बधिर झालेल्या जिभेला मध आणि मनुका यांतला फरक अर्धा तास तरी कळत नाही. म्हणून आम्ही बैठकीच्या तासभर आधी वरण-भात, पोळी-भाजी असे साधे जेवण घेतो. उपाशीपोटी कधीच बसत नाही. मधल्या वेळात साधे कुरमुरे किंवा बिनमिठाचे बिस्किट ठेवतो, आणि शेव, कचोरी, सराफ्यातली जिलबी हे सगळे बैठक संपल्यानंतरसाठी राखतो. पान, सुपारी, तंबाखूही नंतरच. दिवेलागणीला घरात उदबत्ती लावलेली असेल तर दुसऱ्या खोलीत बसावे किंवा तास-दीड तास थांबावे. अत्तर लावून येऊ नये असे पाहुण्यांना आधीच प्रेमाने सांगावे.

पुस्तकी सल्ला असा असतो की व्हिस्की खोलीच्या तापमानाला घ्यावी. तो सल्ला जिथे खोली १८-२० अंशांवर असते तिथला आहे. मे महिन्यात आपल्या खोलीत ३५ अंश असताना ग्लास नाकाशी नेला तर मद्यार्काचा झोत तेवढा येतो, बाकी काही नाही. उन्हाळ्यात बाटली वीसेक मिनिटे फ्रिजच्या दारात ठेवून मग ओतावी. बर्फ घालू नये, कारण अति थंडीने वासच मिटतो. माळव्याच्या संध्याकाळी उगाच नावाजलेल्या नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गच्चीला लागून असलेल्या खोलीत, वारा थेट येणार नाही अशा जागी बसावे.

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता असावा, म्हणजे वास आत साठतो. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास याच कामासाठी बनवला आहे, तो न मिळाल्यास लहान वाइन ग्लास चालतो. जाड, सरळ भिंतीचा ग्लास नको. ग्लास आदल्या दिवशी धुऊन हवेवर वाळवावेत, फडक्याने पुसू नयेत, फडक्याचा वास काचेला लागतो. पाण्याचेही तसेच. जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याला नळाला येईपर्यंत क्लोरिनचा वास असतो, म्हणून गाळून, उघड्या भांड्यात काही तास ठेवलेले पाणी वापरावे.

पाचवी पायरी : चाखणे

प्रत्येकी १५ मिलिलिटर ओतून ग्लासावर छोटी बशी झाकावी आणि दहा मिनिटे हात लावू नये. हलक्या माल्टपासून सुरुवात करून शेरी, मग भारतीय, आणि धुराची सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये. धूर एकदा नाकात बसला की बाकीच्या तिघींना न्याय मिळत नाही.

रंग पाहावा, पण त्यावर विसंबू नये. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग मिसळण्याला परवानगी आहे, आणि गडद रंग म्हणजे अधिक मुरलेली असे मानणे चुकीचे ठरू शकते.

आता वास. इथे घाई करू नये, निम्म्याहून अधिक वेळ इथेच द्यावा. ग्लास आधी हनुवटीपाशी धरावा, मग हळूहळू वर आणावा. तोंड किंचित उघडे ठेवावे, म्हणजे मद्यार्काचा तिखटपणा नाकात एकवटत नाही. वाइनसारखा ग्लास जोरात गोल फिरवू नये. पहिल्या हुंगण्यात फक्त स्पिरिट कळेल, ते सोडून द्यावे. नाक बाजूला करून आपल्याच मनगटाचा किंवा सदऱ्याच्या बाहीचा वास घ्यावा, आणि पुन्हा ग्लासाकडे यावे. एकदा डाव्या, एकदा उजव्या नाकपुडीने घेऊन पाहावे. तिसऱ्या-चौथ्या वेळी काहीतरी ओळखीचे जाणवते आणि नाव मात्र ओठांवर येत नाही, असा एक क्षण येतो. त्या क्षणी शेजाऱ्याला विचारू नये. डोळे मिटून ‘हा वास मला कुठे भेटला होता’ असे स्वतःला विचारावे. जागा आधी आठवते, वस्तू मागून.

घोट चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच घ्यावा. पहिला घोट तोंडाची ओळख करून देण्यापुरता असतो, त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट जिभेवर आठ-दहा सेकंद फिरवावा, गिळावा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. जे चव म्हणून जाणवते त्यातले बरेचसे या सोडलेल्या श्वासात असते. मग काही न बोलता थांबावे. गोडी लगेच जाते की रेंगाळते, शेवटी लाकडाचा तुरटपणा येतो की मिऱ्याची ऊब, आणि एक मिनिटानंतर काय उरते, हे पाहावे.

त्यानंतर पाणी. ड्रॉपरने किंवा चहाच्या चमच्याने चार-पाच थेंब घालावेत आणि पुन्हा पहिल्यापासून वास घ्यावा. पाणी घालणे म्हणजे व्हिस्की बिघडवणे, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंचे वर्तन तपासून दाखवले, की धुराचा वास देणारा ग्वायकॉल हा घटक मद्यार्क जास्त असताना द्रवाच्या आत राहतो आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो. नाकाला हे कोणत्याही संशोधनाशिवायही कळते. ग्लेनमॉरंजीत पाण्यानंतर संत्र्याच्या सालीचा वास वर येताना मी अनेकांचे चेहरे बदलताना पाहिले आहेत. एकदम जास्त पाणी घालू नये, घातलेले काढता येत नाही.

रिकामे ग्लास त्याच रात्री धुऊ नयेत. सकाळी चहाच्या आधी ते हुंगावेत. मद्यार्क उडून गेलेला असतो, आणि तळाशी वाळलेल्या थरात लाकूड, धूर, मध असे स्वच्छ वेगवेगळे मिळतात. नवशिक्याला रात्री न कळलेले कितीतरी वास सकाळी कळतात.

सहावी पायरी : आपले शब्द

परदेशी चाखणाऱ्यांच्या वर्णनांत हेदर नावाच्या रानफुलाचा, नाताळच्या केकचा, गूजबेरीचा उल्लेख येतो. ज्याने हेदर कधी हुंगले नाही त्याने ते ग्लासात शोधणे व्यर्थ आहे, आणि सापडले असे म्हणणे खोटे आहे. आपल्याकडे वासांची कमतरता नाही. ताज्या, हलक्या माल्टमध्ये पिकल्या केळ्याचा वास येतो तो शिकरणाचा म्हणावा. आंबवताना तयार होणारे जे एस्टर, म्हणजे फळांसारख्या वासाचे रसायन, पिकल्या केळ्यात असते तेच इथेही असते. लवंगेला तिचा वास देणारे युजेनॉल ओकच्या लाकडातही असते, त्यामुळे ‘मसालेभाताची लवंग’ असे कोणी म्हणाले तर ते रसायनशास्त्राच्याही दृष्टीने बरोबरच आहे. ओल्या नारळाची वडी, गुळाचा पाक उकळताना वर येणारी वाफ, श्रीखंडातली वेलची, आजीच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या पैठणीचा वास, भाजलेला भुट्टा, पहिल्या पावसानंतरची काळी माती, खारकेची पूड, चिंचेचा कोळ: हे सगळे शब्द आमच्या वहीत आहेत.

आमच्या यजमान मित्राच्या पत्नी बैठकीत भाग घेत नाहीत. एका संध्याकाळी त्या पाण्याचा तांब्या ठेवायला आत आल्या, तेव्हा आम्ही लाफ्रॉइगवर अडकलो होतो. कोणी आयोडिन म्हणत होता, कोणी जळलेली वायर. मी ग्लास पुढे करून म्हटले, ‘वहिनी, नुसता वास घेऊन सांगा.’ त्यांनी दोन क्षण डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘अहो, ही तर बाळंतिणीची खोली. शेगडीवर ओवा टाकल्यावर येते ती धुरी, आणि कोपऱ्यात लाल कार्बोलिक साबण.’ खोली शांत झाली, कारण एकाच वाक्यात त्यांनी धूर आणि औषध दोन्ही वेगळे काढून दाखवले होते. पीटच्या धुरातले फिनॉल आणि कार्बोलिक साबणातले फिनॉल एकाच कुळातले आहेत. हे मला ठाऊक होते, पण जोडता आले नव्हते. त्या दिवसापासून आमच्या वहीत धुराच्या व्हिस्कीसाठी ‘धुरी’ हा शब्द आहे, आणि त्यातही ‘ओव्याची धुरी’ आणि ‘चुलीची धुरी’ असे दोन भेद आहेत. लाफ्रॉइग पहिल्यात बसते, टॅलिस्कर दुसऱ्यात, वर थोडे मीठ आणि मिरे.

वहीत प्रत्येकाने आधी गप्प राहून लिहावे आणि मग वाचून दाखवावे. आधी बोलले गेले तर सर्वांना तेच वास येऊ लागतात. तारीख, बाटलीचे नाव, मद्यार्काचा आकडा, वास, चव, मागे उरणारी चव, पाण्यानंतरचा बदल, आणि पुन्हा घ्यावीशी वाटते का, एवढे पुरे. गुण देण्याची घाई करू नये. मी पहिले वर्षभर गुण देत होतो; आज ती पाने पाहिली तर ८४ आणि ८७ यांतून काही आठवत नाही, पण एका ओळीत ‘भिजलेल्या गोणपाटाचा वास’ लिहिले आहे, आणि ती व्हिस्की अजून नाकापुढे उभी राहते.

सातवी पायरी : दुसऱ्याला सुचवणे

चार-सहा महिने झाले की लोक विचारू लागतात, ‘कोणती घेऊ?’ आपल्याला आवडलेली सांगणे ही इथली नेहमीची चूक आहे. मी ती केली आहे: धुराची मोहिनी पडलेल्या काळात एका भावोजींना त्यांच्या साठीनिमित्त लाफ्रॉइग सुचवली, आणि ती बाटली एका घोटानंतर तीन वर्षे तशीच राहिली. आता मी आधी विचारतो. चहा कडक की दुधाळ? गोडात बासुंदी आवडते की आमसुलाचे सार पुढे ओढता? भाजलेले वांगे आवडते का? व्हिस्की पाण्यातून घेता की सोड्यातून? बासुंदीवाल्याला बर्बन पिंपातली, दिवाळीच्या अनारशांवर आणि खजुराच्या लाडवांवर जीव असणाऱ्याला शेरीची, भरीत मागून घेणाऱ्याला थोडी धुराची. सोडा घालणाऱ्याला सिंगल माल्ट सुचवण्यापूर्वी एकदा आपल्याकडे बोलावून १५ मिलिलिटर द्यावी, आणि तरीही त्याला सोडाच हवा असेल तर चांगली ब्लेंडेड स्कॉच सुचवावी.

सुचवताना किंमत आणि बाटली कशी ठेवायची हेही सांगावे. व्हिस्कीची बाटली उभी ठेवावी लागते. मी माझी पहिली चांगली बाटली वाइनसारखी आडवी ठेवली, आणि वर्षभरात तीव्र मद्यार्काने बूच इतके खाल्ले की उघडताना त्याचा चुरा आत पडला. ऊन लागू नये, उन्हाळ्यात माळ्यावर किंवा गच्चीच्या खोलीत ठेवू नये, आणि बाटली पाव राहिली की वास विरळ होऊ लागतो, म्हणून तेव्हा ती स्वच्छ लहान बाटलीत काठोकाठ भरावी. भावोजींची लाफ्रॉइग मी अखेर मागून आणली, तशा चार छोट्या बाटल्यांत भरली, आणि त्यांना एक ग्लेनड्रोनॅक नेऊन दिली. परवा त्यांनी फोन करून सांगितले की तिला ‘बिब्ब्याच्या गोडंब्या घातलेल्या लाडवाचा’ वास येतो. तो शब्द मी अजून तपासून पाहिलेला नाही, पण वहीत लिहून ठेवला आहे, आणि येत्या बैठकीत सगळ्यांनी आपापले लिहून झाल्यावर तो वाचून दाखवणार आहे.